बंदीतून वाचलेली चौकडी

रंगीत चौकड्यांच्या लोकरी कापडाचा किल्ट आणि खांद्यावर बॅगपाइप, हा स्कॉटिश सैनिक संचलनांतून व चित्रपटांतून आपल्या परिचयाचा आहे. मात्र ज्या राजसत्तेने या पोशाखावर बंदी घातली, तिच्याच फौजेने तो जगवला, हे सहसा लक्षात येत नाही.

स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तर भागातील, म्हणजे हायलँड्समधील, अनेक कुळे स्टुअर्ट घराण्याच्या बाजूने उठली होती. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या लढाईत त्यांचा मोड झाला. त्याच वर्षी संसदेने कायदा करून तेथील पुरुषांना व मुलांना हा वेश मना केला. पहिल्या गुन्ह्यास सहा महिने कैद. दुसऱ्यास सात वर्षे सागरापार हद्दपारी, आपल्या भाषेत काळे पाणीच! सवलत होती ती राजाच्या सैनिकांना. १७८२ मध्ये कायदा रद्द होईपर्यंत किल्ट उजळ माथ्याने नेसायचा तर पलटणीत भरती होणे, हाच मार्ग उरला होता.

या पलटणींत सर्वांत जुनी 'ब्लॅक वॉच', १७३९ मध्ये उभी राहिलेली. तिचे गडद हिरवे, निळे व काळे टार्टन हाच पुढे पाया ठरला. गॉर्डन हायलँडर्सनी त्यात पिवळी रेघ घातली, तर ७८ व्या पलटणीने पांढरी आणि तांबडी. १८०३ मध्ये असईच्या रणांगणावर मराठ्यांसमोर उभी ठाकलेली ती हीच ७८ वी. प्रत्येक कुळाचे टार्टन अनादि काळापासून ठरलेले, हा समज मोठा गोड आहे. पण कापडाचे नमुने काटेकोरपणे ठरवले गेले ते बऱ्याच अंशी लष्करी मागणीमुळे. त्यातले काही कुळांनीच मागाहून आपले म्हणून स्वीकारले.

सैन्यातही हा वेश निर्वेध नव्हता. १८०९ मध्ये अनेक हायलँड पलटणींचा किल्ट काढून घेण्यात आला. कारण त्यामुळे इंग्लंडमधील तरुण भरतीस येत नाहीत, असे वरिष्ठांचे मत. उलट १८८१ च्या फेररचनेत दक्षिण स्कॉटलंडच्या, म्हणजे ज्यांचा हा वेश कधीच नव्हता अशा पलटणींनाही टार्टनच्या तुमानी देण्यात आल्या.

पहिल्या महायुद्धात किल्टवर खाकी आवरण चढले. खंदकांतल्या चिखलाने तो जड होई, निऱ्यांत उवा साचत आणि गोठलेली कड पायांना कापत असे. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी, १९३९ मध्ये, रणवेशातून तो वगळण्यात आला. २००६ मध्ये उरलेल्या पायदळ पलटणी एका रेजिमेंटमध्ये विलीन झाल्या. जुनी नावे गेल्याचा रोष मोठा होता. सर्वांसाठी एकच टार्टन निवडले गेले, तेही ब्लॅक वॉचच्याच नमुन्याचे. छटा तेवढी किंचित फिकी.