चेहरा तोच राहिला पाहिजे

फोटोतल्या माणसाची ओळख कायम ठेवून चेहऱ्यावरचे तात्पुरते दोष काढणे, याला रिटचिंग म्हणतात. हे काम संगणकाच्या कितीतरी आधीचे. सुरकुतीची सावली निगेटिव्हवर फिकी उमटते. तिथे टोकदार पेन्सिलीने शिसे भरले की छापलेल्या फोटोत ती सुरकुती सौम्य दिसते. एकोणिसाव्या शतकापासून स्टुडिओंमध्ये हे चालत आले. १९९० मध्ये फोटोशॉप बाजारात आले आणि पेन्सिलीची जागा माउसने घेतली.

सोलापुरातल्या लग्नसराईचा फोटो घेतला तर कामाची जात नीट कळते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार असतो. नवरदेवाच्या कपाळावर घाम, त्यावर फ्लॅशचा उजेड, आणि गालावरून लोंबणाऱ्या मुंडावळ्या. घामाची चकाकी फार असेल, तर तो भाग कोरा पांढरा होतो. त्यात त्वचेचा तपशीलच नसल्याने नुसता उजेड कमी करून भागत नाही, शेजारच्या त्वचेचा पोत आणि रंग तिथे आणावा लागतो.

यासाठी दोन हत्यारे मुख्य आहेत. क्लोन स्टॅम्प एका जागेचा तुकडा जसाच्या तसा दुसरीकडे ठेवतो. २००२ च्या फोटोशॉप ७ मध्ये आलेला हीलिंग ब्रश पोत एका जागेचा घेतो, पण रंग आणि उजेड भोवतालच्या त्वचेशी जुळवतो. मोकळ्या गालावरची पुटकुळी तो सहज काढतो. मुंडावळीच्या मोत्याला लागून मात्र तो चालवला, तर मोत्याचा पांढुरका रंग त्वचेत ओघळतो. तिथे क्लोनच बरा, तोही झूम करून, लहान ब्रशने. हे सगळे वेगळ्या लेअरवर करायचे, म्हणजे मूळ फोटो खाली शाबूत राहतो आणि हात जड पडला तर लेअरची ओपॅसिटी कमी करता येते.

काय काढायचे, हा खरा प्रश्न. आठवड्याभरात आपोआप जाणारी पुटकुळी काढावी. तीळ, व्रण, खळी ठेवावी. आजीच्या कपाळावरचे गोंदण डाग समजून पुसले, तर घरच्यांना ती आपली आजी वाटणार नाही. त्वचा इतकी गुळगुळीत करू नये की रंध्रे दिसेनाशी होतील. मोबाइलमधले ब्यूटी फिल्टर नेमके तेच करतात.

सर्वांत वाईट खोड रंग उजळण्याची. वाढदिवसाच्या डिजिटल बॅनरवर गोरापान चेहरा आणि खाली सावळे हात, हे दृश्य चौकाचौकात असते. सावळेपणा हा दोष नाही. त्यामुळे तो दुरुस्तीच्या यादीत येतच नाही. पासपोर्टच्या फोटोला तर रिटचिंग वर्ज्यच, कारण तो ओळख पटवण्यासाठी असतो.

जुन्या कृष्णधवल फोटोंना रंग भरताना आणखी जपावे लागते. सोलापुरात १९१० मध्ये जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांच्या कृष्णधवल फोटोला आजचे सॉफ्टवेअर क्षणात रंग देते. पण करड्या छटेवरून कापड निळे होते की हिरवे, हे कळत नाही. सॉफ्टवेअर अंदाज बांधते. फाटलेल्या फोटोतला डोळा एआयने भरला, तर तोही अंदाजच. त्यापेक्षा त्याच माणसाचा दुसरा फोटो शोधून त्यावरून भरलेला डोळा खात्रीचा.

घरातला जुना फोटो स्टुडिओत देताना मोबाइलने काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर पाठवू नये. त्यात बारीक तपशील गळतो. मूळ प्रत न्यावी, किमान ६०० डीपीआयवर स्कॅन करून घ्यावी, आणि दुरुस्त केलेल्या फाइलबरोबर तो अस्पर्श स्कॅनही मागून घ्यावा.