दर्शनबारीतल्या पेशी

फ्लो सायटोमीटरमध्ये पेशी दर्शनबारीतल्या माणसांसारख्या एकामागोमाग एक लेझरच्या झोतासमोरून सरकतात. फरक एवढाच, की ही बारी सेकंदाला हजारोंच्या वेगानं पुढे जाते. प्रत्येकीचा आकार, आतला दाणेदारपणा आणि अंगावर चिकटवलेल्या रंगीत खुणा नोंदल्या जातात. एचआयव्हीच्या उपचारात ‘सीडी फोर काउंट’ हा शब्द ज्यांच्या कानावर पडला, त्यांच्या रक्ताची मोजणी बहुधा अशाच यंत्रावर झाली असेल.

याच यंत्रानं एका जुन्या कोड्याला हात घातला. १९५३ साली पीटर मेडावार यांनी विचारलं होतं, की परक्याची त्वचा शरीर झिडकारतं, तर निम्मी जनुकं वडिलांची असलेला गर्भ आई नऊ महिने कसा सांभाळते?

उत्तर शोधायला आधी पेशी वेगळ्या काढता यायला हव्या होत्या. १९६५ मध्ये लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत मॅक फुलवायलर यांनी पेशींचा प्रवाह थेंबांत तोडून, हव्या त्या थेंबाला विद्युतभार देऊन बाजूला वळवला. शाई फवारून छपाई करण्याचं हे तंत्र. स्टॅनफर्डच्या लेनर्ड हर्झेनबर्ग यांनी त्याला चमकत्या रंगांची जोड दिली. पण कुठल्या पेशीला कुठला रंग लावायचा? ते नेमकेपण १९७५ मध्ये केंब्रिजला कोलर आणि मिलस्टाइन यांनी शोधलेल्या मोनोक्लोनल, म्हणजे पेशीवरच्या एकाच खुणेला चिकटणाऱ्या, प्रतिपिंडांच्या तंत्रातून आलं. माझ्या मते यंत्राची खरी नजर तीच.

तरी सगळं अडतं नमुन्यापाशी. वारेला लागून असलेलं गर्भाशयाचं अस्तर बहुधा सुरुवातीच्या महिन्यांत गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रियांच्या संमतीनं मिळतं. ते बारीक चिरायचं, विकरात भिजवायचं, जाळीतून गाळायचं. विकर जास्त वेळ राहिलं तर ज्या खुणा शोधायच्या त्याच खाऊन टाकतं. कमी पडलं तर पेशी सुटतच नाहीत. त्यात मेलेल्या पेशींना कुठलंही प्रतिपिंड चिकटतं, म्हणून त्या ओळखायला वेगळा रंग घालावा लागतो. इथे हात चुकला, तर पुढचा आलेख कितीही देखणा असो, खोटाच.

हे कष्ट रक्त काढून का टळत नाहीत, ते एनके, म्हणजे ‘नॅचरल किलर’, पेशींकडे बघितलं की कळतं. पहिल्या तिमाहीत त्या अस्तरातल्या पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ७० टक्के याच असतात. रक्तातल्या बहुतेक एनके पेशींवर सीडी सिक्सटीन ही खूण असते, यांच्यावर ती जवळपास नसते. नावात ‘किलर’ असलं तरी यांचं काम मारण्याचं नाही. वारेला रक्त पोचवणाऱ्या धमन्या रुंद होण्यात त्यांचा हातभार लागतो. म्हणून वारंवार गर्भपात झालेल्या बाईच्या दंडातलं रक्त घेऊन ‘तुमच्या किलर पेशी वाढल्यात’ असं कुणी सांगितलं, की मला राग येतो. आधीच स्वतःला दोष देणाऱ्या बाईला ते आणखी एक कारण पुरवतं, आणि गर्भाशयात काय चाललंय ते त्यातून कळत नाही.

प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशींची अडचण आणखी वेगळी. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या दाखवल्या. २०२५ चं नोबेल त्यांना मेरी ब्रुनको आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह मिळालं. उंदरांत या पेशी नसतील तर आईचं शरीर परका गर्भ टिकू देत नाही, हे २००४ मध्ये दिसलं. पण त्यांची पक्की ओळख, फॉक्सपी-थ्री, केंद्रकात दडलेली. ती रंगवायची तर पेशीला भोकं पाडावी लागतात, आणि पेशी मरते. जिवंत हवी असेल तर बाहेरच्या दोन खुणांवरून अंदाज बांधायचा : सीडी ट्वेंटीफाइव्ह भरपूर, सीडी वनट्वेंटीसेव्हन कमी.

२०१८ मध्ये पहिल्या तिमाहीतल्या वारेच्या आणि अस्तराच्या सुमारे ७०,००० पेशींमधली चालू जनुकं एकेका पेशीत वाचली गेली. त्या कामापुढे मी नतमस्तक आहे. पण तो नमुना ज्या गरोदरपणातून आला, ते तिथेच थांबलेलं असतं. त्या बाईला सातव्या महिन्यात रक्तदाबाचा त्रास झाला असता का, हे त्या पेशींना विचारता येत नाही.