मॉडेल बंद, वाद्य चालू

जुना सिंथेसायझर विकायला काढला की गिऱ्हाईक पहिलं वाक्य बोलतं, ‘हे मॉडेल तर कधीच बंद झालं.’ विकणाराही ओशाळतो आणि भाव उतरवतो. दोघांच्या डोक्यात मोबाइलचा हिशोब असतो: कंपनीने हात काढून घेतला की यंत्राचे दिवस भरले. सिंथेसायझरला हा हिशोब लागू होत नाही. यामाहाचा डीएक्स७ १९८३ साली आला आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्यांसह १९८९च्या सुमाराला बंद झाला. मधल्या काळात दीड लाखाहून अधिक नग विकले गेले. त्यातले कितीतरी आजही वाजतात. जे मुके झाले, त्यातले बरेचसे कंपनीमुळे झालेले नाहीत. कुणाची बॅटरी संपली, कुणाला चुकीचा वीजपुरवठा मिळाला, कुणी भलताच स्प्रे मारला.

‘वाजतो, पण आवाज जुने झालेत,’ ही पुढची तक्रार. इथे मुळातच घोटाळा आहे. डीएक्स७मध्ये ध्वनिमुद्रित असा एकही आवाज नाही, त्यामुळे शिळं व्हायला आत काही साठवलेलंच नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांना १९६७ साली आढळलं, की एका लहरीची वारंवारता दुसऱ्या लहरीने फार वेगात हलवली तर नवेच स्वरांश जन्माला येतात. हेच एफएम संश्लेषण. त्याचं पेटंट १९७७ साली मिळालं आणि परवाना यामाहाने घेतला. डीएक्स७मध्ये अशा सहा लहरी असतात, त्यांना ऑपरेटर म्हणतात. कुणी कुणाला हलवायचं याच्या ३२ ठरावीक जुळण्या आहेत. एक आवाज म्हणजे दीडशेच्या आसपास आकडे, बाकी काही नाही. आवळून बांधले तर ते १२८ बाइटमध्ये मावतात. ३२ आवाजांची अख्खी बँक ४,०९६ बाइटची. हा लेख साठवायलाही त्याहून कितीतरी जास्त जागा लागते.

मग ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांत तोच तो चकचकीत ‘ई. पियानो १’ का ऐकू येतो? कारण नवा आवाज बनवणं जिकिरीचं होतं. दोन ओळींचा, प्रकाश नसलेला पडदा, त्यावर एका वेळी एकच आकडा, आणि तो बदलायला एकच सरकती पट्टी. बहुतेक वादक वैतागले आणि कारखान्यातून आलेलेच आवाज वाजवत राहिले. ही अडचण आता उरलेली नाही. डेक्स्ड नावाचं मोफत सॉफ्टवेअर डीएक्स७चे सगळे आकडे संगणकाच्या एका पडद्यावर मांडतं आणि तिथे केलेला बदल संगणक आणि वाद्य जोडणाऱ्या मिडी केबलमधून खऱ्या यंत्रात पाठवतं.

उदाहरणार्थ टाळ करून बघा. हलवणारी आणि हलणारी लहर यांचं गुणोत्तर पूर्णांकी ठेवलं, समजा १ : १, तर स्वरांश एकमेकांच्या पटीत येतात आणि पत्तीच्या वाद्यासारखा भरीव नाद मिळतो. हलवणारी दुप्पट वेगाची केली तर फक्त विषम स्वरांश उरतात आणि नाद पोकळ, क्लॅरिनेटसारखा होतो. टाळासाठी हे दोन्ही नको. गुणोत्तर १ : १.४१ असं तिरपागडं घ्या, की स्वरांश कुठल्याच ओळीत बसत नाहीत आणि धातू बोलू लागतो. आता हलवणाऱ्या लहरीचा जोर पटकन ओसरेल असं करा, ऐकू येणारी लहर मात्र सावकाश विरू द्या. आघाताच्या क्षणी झणझणाट, मागे लांबणारी गोल आस. शेवटी तो झणझणाट बोटाच्या वेगाला बांधा, म्हणजे हलकं दाबलं तर नाद मऊ आणि जोरात दाबलं तर खणखणीत. हार्मोनियमसाठी १ : १च्या दोन जोड्या घेऊन त्यातली एक किंचित बेसूर ठेवायची. दोन्ही आवाज ऐकताना १९८३ आठवत नाही, हे मी पैजेवर सांगेन.

‘पण कीबोर्डवर आपला गंधार लागतच नाही.’ हा आक्षेप गवयाचा असतो, आणि अर्धा खरा असतो. कीबोर्डचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर (सेंट हे स्वरांमधलं अंतर मोजायचं एकक). तंबोऱ्यात कानाला गोड लागणारा स्वयंभू गंधार ३८६च्या आसपास. चौदा सेंटचा हा फरक तंबोऱ्याच्या जोडीला बसलं की टोचतो. मूळ डीएक्स७मध्ये त्यावर उपाय नाही. मात्र १९८६ साली आलेल्या डीएक्स७-टूमध्ये मायक्रोट्यूनिंग आहे, स्वतःची स्वरजुळणी त्यात साठवता येते. षड्ज ठरवा, गंधार उतरवा, भागलं. षड्ज बदलला की जुळणीही बदलावी लागते, एवढी गैरसोय सोसायची. मींडेसाठी पिच बेंडचा पल्ला एका सप्तकापर्यंत वाढवता येतो. फुंकरीने जोर कमीजास्त करायचा ब्रेथ कंट्रोलर लावायला मूळ डीएक्स७मध्येही जागा आहे, आणि सनईचा किंवा बासरीचा आवाज बनवणाऱ्याने ती रिकामी ठेवू नये.

आता सगळ्यात महाग पडणारा गैरसमज. पडद्यावर आवाजांच्या नावाऐवजी अगम्य अक्षरं दिसू लागली की यंत्र ‘गेलं’ असं समजून ते भंगारात जातं. खरं तर त्या दिवशी आतली सीआर२०३२ ही नाण्याएवढी, कुठल्याही घड्याळजीकडे मिळणारी बॅटरी संपलेली असते. वीज बंद असताना बँक टिकवायचं काम तिचं. तिची प्रकृती बघायला यंत्र उघडावंही लागत नाही. फंक्शन दाबून चौदा नंबरचं बटण दाबलं की पडद्यावर व्होल्टेज येतं. तीनच्या आसपास असेल तर ठीक, अडीचच्या खाली असेल तर चालढकल नको.

बॅटरी काढताच सगळे आवाज पुसले जातात, म्हणून आधी ते संगणकावर उतरवून घ्यायचे. फंक्शन आणि आठ नंबरच्या बटणाने मिडीच्या खात्यात शिरायचं, ‘सिस इन्फो’ उपलब्ध करायचं, मग पाठवायचं. ४,१०४ बाइट जातात. मिडीच्या वेगाने सव्वा सेकंदाच्या थोडं वर. परत भरताना एक खोच आहे. मेमरी प्रोटेक्टचं बटण उघडं केलं नसेल तर यंत्र आलेली बँक निमूटपणे नाकारतं, आणि माणूस केबलला शिव्या घालत बसतो. केबलही कधीकधी खरंच गुन्हेगार असते. सगळ्यात स्वस्त यूएसबी मिडी केबली साधे सूर नीट पोचवतात, पण एवढा लांब संदेश मध्येच तोडतात. म्हणून उतरवलेली फाइल परत भरून, वाजवून बघितल्याशिवाय पेचकस हातात घेऊ नये.

मूळ बॅटरी पत्र्याच्या पायांनी सोल्डर केलेली असते. नव्या बॅटरीला थेट डाग देऊ नका, तापून ती फुटू शकते. तिच्या जागी होल्डर बसवून घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी तो किरकोळ पैशात मिळतो, आणि पुढच्या खेपेला सोल्डरिंगचं कामच राहत नाही.

सगळ्याच यंत्रांच्या बॅटऱ्या इतक्या गरीब नसतात. कॉर्गच्या १९८१च्या पॉलीसिक्समध्ये निकेल-कॅडमियमची बॅटरी होती. ती गळते आणि खालच्या बोर्डावरचे तांब्याचे मार्ग खाऊन टाकते. तिथे ‘चालतंय ना, मग कशाला हात लावा’ हे धोरण यंत्राच्या जिवावर बेततं. उघडून बघावंच लागतं.

उलट टोकाचा सल्लाही तितकाच ठोकळेबाज असतो: जुनं आहे ना, मग सगळे कपॅसिटर बदलून टाका. वीजपुरवठ्यातले, उष्णतेजवळचे कपॅसिटर सुकतात हे खरं. आवाजात गुणगुण येत असेल किंवा मोजल्यावर व्होल्टेज हलत असेल तर ते बदलावेत. पण दोषच नसताना बोर्डभर सोल्डरिंग गन फिरवली की जुन्या बोर्डाचे मार्ग उचकटतात, आणि नसलेला रोग जडतो. आधी मोजा, असं म्हणणारा मेकॅनिक मिळाला तर त्याला सोडू नका.

तसाच स्प्रेचा किस्सा. सरकत्या पट्ट्या खरखरल्या की दुकानात गंज सोडवायचा तेलकट स्प्रे मारतात. चार दिवस आवाज स्वच्छ येतो, मग त्या तेलावर धूळ बसून चिखल होतो. त्या कामाला कॉन्टॅक्ट क्लीनर असतो. बऱ्याच कीबोर्डांत पट्टीखाली रबराच्या दोन-दोन टिकल्या असतात आणि दोन्ही टेकण्यातल्या अंतरावरून यंत्र बोटाचा वेग ओळखतं. एखादीच पट्टी हळू दाबूनही किंचाळत असेल तर बहुधा त्यातली एक टिकली मळलेली आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी पुरते.

रोग यंत्रागणिक वेगळे असतात. रोलंडच्या जुनो-१०६चे सहा स्वरमार्ग सहा चिपांवर चालतात. एक गेली की ओळीने वाजवताना दर सहावा सूर मुका किंवा चिरका येतो. बऱ्याचदा चिप मेलेली नसते, तिच्यावरचं राळेचं आवरण जुनं होऊन विजेला चोरवाटा देतं. ॲसिटोनमध्ये बुडवून ते उतरवलं की कित्येक चिपा उठतात, सगळ्या नव्हे. रोलंडच्याच जेडी-८००मध्ये पट्ट्यांची वजनं चिकटवणारा लाल गोंद विरघळून खाली ओघळतो. तो कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात काढतात. हातमोजे आणि चष्मा नसेल तर त्या भानगडीत पडू नये. फ्लॉपी ड्राइव्ह मेली तर तिच्या जागी पेनड्राइव्ह घेणारा एम्युलेटर मिळतो, फक्त आपल्या मॉडेलला कुठला चालतो ते आधी विचारावं.

आपल्याकडचा एक खास अपघात परदेशातून आणलेल्या यंत्रांचा. जपानमधल्या नगाला १०० व्होल्ट लागतात, अमेरिकेतल्याला १२०. पिन बदलून २३० व्होल्टमध्ये खोचलं की नशीब असेल तर फ्यूज उडतो, नसेल तर ट्रान्सफॉर्मर. मागच्या पाटीवरचा आकडा वाचून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावणं, एवढंच करायचं असतं. आणि जपून म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकू नका. आत कोंडलेल्या ओलाव्याने कॉन्टॅक्ट काळवंडतात. पावसाळ्यात तरी महिन्यातून एकदा तासभर वाजवा.

‘संगणकात सगळं फुकट मिळतं, मग हा खोका कशाला?’ यात तथ्य आहे. फक्त आवाज हवा असेल तर डेक्स्ड पुरेसं आहे. त्यासाठी जुना डीएक्स७ शोधत फिरू नका. ‘व्हिंटेज’ म्हणून लावलेला भाव हा बहुतेक वेळा हौसेचा भाव असतो. घरात यंत्र असेल तर गोष्ट वेगळी, कारण बंद झालेल्या मॉडेलचं पुढे काय होईल ते सांगता येत नाही. रोलंडचा टीबी-३०३ दोन-अडीच वर्षांत, १९८४ साली बंद झाला, कारण तो ज्यासाठी बनवला त्या बेस गिटारसारखा वाजतच नव्हता. त्याआधीच, १९८२ साली, मुंबईचे चरणजित सिंग यांनी तोच टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग मुद्रित केले होते. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. पुढे शिकागोतल्या पोरांनी सेकंडहॅन्डमध्ये स्वस्त पडलेल्या ३०३ची बटणं पिळून ॲसिड हाउस हे नृत्यसंगीत उभं केलं, आणि सिंग यांची तबकडी २०१०मध्ये पुन्हा निघाली.

काही मरणं मात्र खरी असतात. डीएक्स७मधल्या आवाज घडवणाऱ्या मुख्य चिपा यामाहाने स्वतःसाठी बनवल्या होत्या. त्या गेल्या तर दुसऱ्या मेलेल्या डीएक्स७मधूनच काढाव्या लागतात. अशा वेळी आपलं यंत्र सुट्या भागांसाठी विकलेलं बरं. पट्ट्या, पडदा, बटणं सगळ्याला गिऱ्हाईक असतं. बँक आधीच उतरवून ठेवली असेल तर ती कॉर्गच्या २०१६ सालच्या वोल्का एफएममध्येही भरता येते. त्यात एका वेळी तीनच सूर वाजतात, २०२२च्या दुसऱ्या आवृत्तीत सहा. म्हणजे दोन्ही हातांनी हार्मोनियम वाजवायचा असेल तर दुसरी घ्या.