बॅटरी नाही, तरी बोलतं!

ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड लेखी स्वरूपात.

येरवड्यातल्या आमच्या सोसायटीत गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीला मी हौसेनं पाण्याची पातळी सांगणारा सेन्सर लावला. ऐन पावसाळ्यात त्याचा बटन सेल संपला. मी ऑफिसात. वॉचमन काका सेल बदलायला शिडीवर चढले आणि शेवाळावरून पाय घसरला. थोडक्यात वाचले. तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न: बॅटरी लागतेच कशाला?

उत्तर आपल्या खिशातच आहे. येरवडा मेट्रो स्टेशन २१ ऑगस्ट २०२४ ला सुरू झालं. तिथे गेटला आपण जे कार्ड टेकवतो, त्यात बॅटरी नसते. गेटमधला रीडर १३.५६ मेगाहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तयार करतो, कार्डातल्या वेटोळ्यात वीज तयार होते आणि चिप जागी होते. पण अंतर? काही सेंटिमीटर.

आता खेड-शिवापूरचा टोलनाका आठवा. काचेवरचा फास्टॅग काही मीटरवरून वाचला जातो, तोही बिनबॅटरीचा. नाक्यावरचा अँटेना ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर सोडतो. टॅग तिच्यातूनच वीज घेतो आणि तीच लहर कधी जास्त, कधी कमी परत फेकतो. झाले शून्य आणि एक! लहानपणी आरशानं कवडसा पाडायचो ना, तसंच. ऊन सूर्याचं, खेळ आपला. याला म्हणतात बॅकस्कॅटर. स्वतःची लहर तयार करणं हेच रेडिओचं सगळ्यात खर्चिक काम. ते वाचलं की मिलिवॉटचं काम मायक्रोवॉटमध्ये भागतं.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी तर रीडरही काढून टाकला. टीव्ही टॉवरच्या लहरींवर दोन बिनबॅटरीची उपकरणं एकमेकांशी बोलली. अंतर मात्र जेमतेम अडीच फूट.

म्हणजे मेख इथे आहे: लहर कुणीतरी पुरवावीच लागते. आमच्या गच्चीवर लिफ्टच्या खोलीत वीज आहे. तिथे एक रीडर, आणि टाकीला बाहेरून वेगवेगळ्या उंचीवर साधे टॅग. मागे पाणी असलं की टॅगचा सिग्नल मंदावतो. त्यावरून पातळी कळायला हवी. सध्या घरी बादलीवर प्रयोग चालू आहे.

जमलं तर काकांना शिडी चढावी लागणार नाही. नाही जमलं, तर तेही पुढच्या भागात सांगतो. भेटूच!