मुलांच्या बाथरूममध्ये जलपरीचा महाल, तोही स्वस्तात!

टाइल्स बदलू नका, महागडे रेडीमेड सेटही नकोत. सरळ गाड्यांचे स्टिकर करणाऱ्या रेडियमवाल्याकडे जा! त्याच्याकडचं व्हिनाइल ऊन-पाऊस सोसण्यासाठीच बनलेलं असतं. जलपरी, समुद्रघोडे, बुरूज, म्हणाल तो आकार तो मशीनवर कापून देतो. चित्र मुलांनाच काढू द्या, फार गोड दिसतं.

खरी मेहनत चिकटवण्याआधीची. बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार टाइलवर असले तर स्टिकर टिकतच नाही. व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून टाइल पुसा (संगमरवराला मात्र व्हिनेगर लावू नका, आम्लाने त्याची चकाकी जाते), मग धुऊन रात्रभर वाळू द्या. स्टिकर मधून कडेकडे जुन्या एटीएम कार्डाने दाबत न्या, म्हणजे बुडबुडे राहत नाहीत. टाइलच्या सांध्यावर ब्लेडने चीर देऊन कडा नीट दाबा, नाहीतर तिथूनच पाणी शिरतं.

छताला अंधारात चमकणारे तारे लावा, पण आधी दिवा चालू ठेवावा लागतो. फरशीवर मात्र काहीच चिकटवू नका, ओल्या स्टिकरवरून पाय सटकतो.

भाड्याचं घर असलं तरी काळजी नको, हेअर ड्रायरच्या गरम हवेने स्टिकर अलगद निघतात.