जत्रेतला गल्ला आणि विणकामाचे तास

आजचा विषय छोटा वाटेल, पण घरोघरचा आहे. बारामती, इंदापूर भागातल्या बायका क्रोशाची तोरणं, रुमाल, बाळाची टोपडी, स्वेटर विणतात आणि प्रदर्शनात नेऊन विकतात. चार-पाच दिवसांनी भरलेला गल्ला घरी येतो. त्यात विणणारीची मजुरी किती असते, हे आज आपण मोजून बघू.

आधी बाजार बघा. बारामतीचा ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट पुण्यात भीमथडी जत्रा भरवतो. भीमथडी म्हणजे भीमेचा काठ. मुंबईत उमेद अभियानाचं महालक्ष्मी सरस प्रदर्शन असतं. दोन्हीकडे बचत गटांना शहरातलं गिऱ्हाईक थेट भेटतं, मधे व्यापारी नसतो. मग किंमत ठरवायचं कामही विणणारीवरच येतं, आणि घोळ तिथंच होतो.

आता माल. तुम्ही म्हणाल, काटेवाडीत तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, मग लोकर घरचीच असेल. तसं नाही. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ असते. घोंगडीला ती उत्तम, पण बाळाच्या टोपड्याला टोचते. विणकामासाठी दुकानातून जी 'लोकर' आणतो, ती बहुतेक वेळा ॲक्रेलिकचा धागा असतो. तो रोख पैशाने येतो, म्हणून गटाच्या वहीत त्याची नोंद होते. तास मात्र घरचे. टीव्ही बघता बघता विणलं, दुपारी जेवणं उरकल्यावर विणलं, म्हणून ते वहीत येतच नाहीत.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेत, तुम्ही आपापले घाला. एका तोरणाला लोकर 120 रुपयांची आणि वेळ 10 तास. दहा जणींनी मिळून 100 तोरणं केली आणि 350 ला एक याप्रमाणे सगळी विकली. गल्ला 35,000. घरी सगळे खूश! आता वजा करा. लोकर 12,000. जागेचं भाडं, टेम्पो, राहणं, जेवण मिळून 6,000. उरले 17,000. काम झालं 1,000 तास. म्हणजे तासाला 17 रुपये. आठ तासांच्या दिवसाला 136.

खुरपणीची हजेरी 300 धरली, तर ही मजुरी तिच्या निम्मीसुद्धा नाही. आणि इथं स्टॉलवर उभं राहिलेल्या दिवसांची मजुरी आपण धरलेलीच नाही.

कुणी म्हणतं, रिकामा वेळ तर होता. पहिल्या चार-पाच तोरणांपुरतं ते खरं. पण जत्रा जवळ आली की रात्री जागून विणावं लागतं, शेतावरची हजेरी बुडते. त्याला रिकामा वेळ कसं म्हणायचं?

तीच 300 ची हजेरी धरली तर तासाला साडेसदतीस रुपये होतात. दहा तासांचे 375, लोकरीचे 120, खर्चाचा वाटा 60. तोरणाची किंमत झाली 555. शेजारी मशीनचं तोरण स्वस्तात मिळत असताना गिऱ्हाईक एवढे देईल का? काही देतील, बरेच देणार नाहीत. म्हणून भाव पाडायच्या आधी माल बदलून बघायला हवा.

लोकरीचं छोटं कीचेन घ्या. लोकर 8 रुपये, अर्ध्या तासाची मजुरी 19, विक्री 60 ला. मजुरी धरूनही 33 उरतात. अशी 200 विकली की 6,600 होतात, म्हणजे स्टॉलचा सगळा खर्च निघाला. मग तोरणावर तो बोजा राहत नाही, ते 495 ला परवडतं. ज्यांना तेही जास्त वाटतं त्यांच्यासाठी चार तासांची छोटी पट्टी ठेवा. लोकर 50 ची धरली तर ती 200 ला बसते. गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की त्याला छोटी वस्तू दाखवायची, मोठीची किंमत उतरवायची नाही.

दुसरी गोष्ट ऑर्डरची वही. मोठं तोरण, बाळाचा पूर्ण सेट यांचा एकच नमुना टांगून ठेवा आणि बारशाच्या, वास्तुशांतीच्या ऑर्डरी घ्या. रंग, माप, तारीख लिहून निम्मे पैसे आगाऊ घ्या. घरून केलेल्या ऑर्डरीला स्टॉलचं भाडं नाही, आणि माल परत आणायची वेळही येत नाही. आम्ही तर म्हणू, जत्रा संपल्यावर गल्ल्याइतकीच ही वहीसुद्धा मोजा.

तेव्हा पुढच्या प्रदर्शनाचा फॉर्म भरण्याआधी एवढं करा. प्रत्येक वस्तूची एक एक घड्याळ लावून विणा, तास वहीत लिहा, आणि गटाच्या बैठकीत ते आकडे सगळ्यांसमोर वाचा. कुठल्या वस्तू न्यायच्या आणि कुठल्या घरीच ठेवायच्या, ते त्या बैठकीतच ठरेल. आता तुमचे प्रश्न घेऊ.