बराकीतला खोकला आणि घरातला खोकला

कुणी आत गेला की वस्तीत बोलणे होते ते वकिलाचे आणि पैशांचे. आरोग्याच्या पानावर आम्ही हा विषय घेतो आहोत, कारण बराकीत लागलेला आजार मुदत संपल्यावर आपल्याच दहा बाय दहाच्या खोलीत येतो.

२०२२ अखेर देशातल्या तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६ होती. आत माणसे होती ५,७३,२२०. चारांतले तीन कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा अजून सिद्धच न झालेले. रात्री कुशीवर झोपायचे, शेजारी खोकलला तर तोंड फिरवायला जागा नाही. टीबी असाच पसरतो. खरूज तर एका अंथरुणातून कित्येकांना होते. औषध द्यायलाच हवे, पण गर्दीवर गोळी नसते. त्यावर उपाय एकच, ज्यांना बाहेर ठेवता येते त्यांना बाहेर ठेवणे.

कायद्यात त्याची सोय आहे, ती आपल्याला कुणी सांगत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ पाहा. पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, की त्याला जातमुचलक्यावर सोडायचे. इतरांना अर्ध्या काळानंतर जामीन. कोर्टाला कळवण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकाची. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकाहून जास्त खटले असले तर अडते. जुन्या प्रकरणांनाही हे लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले.

जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार मिळाला नाही, तर तो गरीब आहे असे धरून सोडावे, असे कलम ४७८ म्हणते. पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी असेल आणि माल परत केला, तर तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा. जामिनाच्या रकमेसाठी अडलेल्या गरीब कच्च्या कैद्याला केंद्राच्या २०२३ च्या योजनेतून मदत मिळू शकते. दागिना गहाण टाकण्याआधी १५१०० वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो.

आणि तो घरी आला की? दोन आठवड्यांहून जास्त खोकला, रात्री घाम, वजन घटणे यांपैकी काही असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा; तपासणी आणि औषध मोफत आहे. टीबी निघाला तर घरातल्या सगळ्यांचीच तपासणी. खरजेचे औषध घरातल्या प्रत्येकाने एकाच रात्री लावायचे, अंथरूण-कपडे गरम पाण्यात धुवायचे. तो कुठून आला हे डॉक्टरला सांगायला लाजू नका, नेमकी तपासणी त्यावरूनच ठरते.